गंजलेलं कुलूप, पितळी चकती आणि मिनिटाला ३०,००० फेरे

पेटी उघडत नाही अशी तक्रार नव्हती. ती बंद होत नव्हती. जुनी सागवानी पेटी, पुढच्या फळीत आतून कुलूप बसवलेलं. कुलपातला आडवा दांडा बाहेर सरकलेल्या अवस्थेतच गंजून बसला होता आणि किल्लीचा पत्ता नव्हता. झाकणाची कडी कुलपाच्या खाचेत शिरायला जागाच नाही, त्यामुळे झाकण टेकवलं की बोटभर फट राहायची. बाहेरच्या बाजूला किल्लीच्या भोकाच्या कडा वर्षानुवर्षं घासून खाल्ल्या गेलेल्या. तिथे पितळी चकती बसवायची, कुलूप चालू करायचं आणि नवी किल्ली घडवायची, असं काम ठरलं. हत्यार म्हणून माझ्याकडे होतं ते हातात धरायचं रोटरी टूल (टोकाला छोटी बिटं, म्हणजे कापायची-घासायची टोकं, वेगाने फिरवणारं यंत्र), तीन कानशी, एक पटाशी आणि टेबलाला पकडणारा छोटा व्हाइस.

ओळखीत एक निवृत्त फिटर आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांना यंत्र दाखवलं. त्यांनी ते हातात घेऊन चालू केलं, बंद केलं आणि विचारलं, "यंत्र ठीक आहे. कानशी किती आहेत तुझ्याकडे?"

"तीन आहेत काका."

"मग तीन कानशींएवढं काम होईल."

तेव्हा मला हे खोचक वाटलं होतं. काम संपेपर्यंत वाटेनासं झालं.

या यंत्राची ताकद वेगात असते, जोरात नाही. मोटर दीडशे वॉटच्या आगेमागे असते, पण मिनिटाला ५,००० पासून ३०,००० ते ३५,००० फेरे देते. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, रसीन इथे कंपनी काढली. तिचं 'मोटो-टूल' इतकं पसरलं की आज कुठल्याही कंपनीच्या अशा यंत्राला लोक सर्रास ड्रेमेल म्हणतात. बिटाचा दांडा आवळून धरणाऱ्या छोट्या नळ्या, म्हणजे कोलेट, साधारण ३.२ आणि २.४ मिलिमीटरचे. बिटाचा दांडा कोलेटमध्ये जेवढा आत जाईल तेवढा घालायचा. नुसत्या टोकाला पकडलेला दांडा पूर्ण वेगात वाकतो, आणि वाकला की त्याला थांबवायला वेळ मिळत नाही. नेहमीची कटिंग डिस्क २४ मिलिमीटर व्यासाची. ती ३०,००० फेऱ्यांनी फिरली की तिची कड सेकंदाला जवळपास ३८ मीटर धावते, म्हणजे ताशी सुमारे १३५ किलोमीटर. जाडी जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. सरळ कापताना ती पोलाद कापते, पण मनगट जरा तिरकं झालं की तिचे तुकडे होतात आणि ते त्याच वेगाने उडतात. डोळ्यांना बाजूने बंद असलेला चश्मा आणि त्यावर चेहऱ्याची ढाल मी दोन्ही घालते. सैल हातमोजे मात्र घालत नाही, कारण ते गुंडाळले जातात.

पहिलं काम कुलूप लाकडातून सोडवण्याचं. चार स्क्रूंपैकी तीन तेल आणि संयम यांना दाद देऊन सुटले. चौथ्याच्या डोक्यावरची खाच गंजाने पार भरून-झिजून गेली होती. इथे नवी खाच पाडायला डिस्क हवी, पण एक अडचण भूमितीची आहे. स्क्रूचं डोकं ८ मिलिमीटरचं आणि ते कुलपाच्या पत्र्याशी सपाट बसलेलं. २४ मिलिमीटरची डिस्क १ मिलिमीटर खोल उतरवली तर पृष्ठभागावर कापाची लांबी साडेनऊ मिलिमीटरच्या वर जाते, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्र्याला चरा पडणार. झिजून १६ मिलिमीटर झालेली डिस्क तेवढ्याच खोलीला पावणेआठ मिलिमीटरचा काप देते आणि डोक्याच्या आत राहते. म्हणून झिजलेल्या डिस्का मी फेकत नाही; डबीत वेगळ्या ठेवते, आणि खरं सांगायचं तर नव्यांपेक्षा त्याच जास्त कामाला येतात. लहान डिस्कचा त्रास एवढाच, की यंत्राचं तोंड जाड असल्यामुळे ते पत्र्याला टेकतं आणि डिस्क पोचत नाही. त्यासाठी लवचीक शाफ्ट लावला, म्हणजे यंत्राची फिरकी पुढे नेणारी वाकणारी नळी. त्याचा पुढचा दांडा जाड पेनाइतका बारीक असतो. शाफ्टला घट्ट वळण पडू द्यायचं नाही, नाहीतर आतली तार तापते. यंत्र टेबलापेक्षा उंच टांगून ठेवलं की वळण आपोआप मोठं राहतं.

खाच पडली म्हणून स्क्रू सुटतो असं नाही. सोल्डरिंगची इस्तरी डोक्यावर टेकवून ते चांगलं तापू दिलं, थंड होऊ दिलं, मग तेल. आणि फिरवताना आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. कच्च करून आवाज आला की समजायचं, गंजाची पकड तुटली.

कुलूप टेबलावर उघडलं तेव्हा आत दोन लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या), एक दांडा आणि एका तुटक्या पट्टी-स्प्रिंगचा गंजलेला तुकडा निघाला. अशा कुलपाची कल्पना साधी पण हुशार आहे. लिव्हर पुरेसा उचलला नाही तरी दांडा अडतो आणि जास्त उचलला तरी अडतो. नेमक्या उंचीला आला तरच दांड्यावरचा खुंट लिव्हरमधल्या खाचेतून सरकतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन यांनी १७७८ साली या तत्त्वाचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या साध्या कुलपांत अडसर नुसता पुरेसा उचलला की काम भागायचं.

सुट्टे भाग व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे केले. उरलेला गंज काढायला तारेचा ब्रश. या ब्रशला १५,००० फेऱ्यांच्या वर नेऊ नये असं बनवणारेच सांगतात, आणि तेवढ्यावरही त्यातून तारा सुटत राहतात. काम झाल्यावर अंगातल्या सुती कापडात टोचलेल्या दोन-चार सापडल्या. पितळेला पोलादी ब्रश लावायचा नाही, पितळेचाच लावायचा. कोपऱ्यांतला गंज ब्रशने गेला, सपाट पत्र्यावरचा मात्र मी काचेवर पॉलिश पेपर ठेवून हाताने घासून काढला. छोटं गोल बिट सपाट पृष्ठभाग सपाट ठेवूच शकत नाही. ते जिथे रेंगाळतं तिथे खड्डा करतं, आणि तो खड्डा बोटाला लागत नसला तरी उजेडात तिरका धरला की दिसतो.

स्प्रिंग नवी हवी होती. जुन्या घड्याळाच्या चावीच्या पट्टीतून तुकडा कापला. त्या पोलादाला पाणी दिलेलंच असतं, म्हणजे तापवून-थंड करून ते कडक आणि लवचीक केलेलं असतं, त्यामुळे आपण फक्त ते उतरू द्यायचं नाही. ही गोष्ट बोलायला सोपी आहे. चकचकीत पोलाद तापताना २२० अंश सेल्सियसच्या आसपास फिकट पिवळं दिसतं आणि ३०० च्या आसपास निळं होतं; स्प्रिंगचं पाणी साधारण त्या निळ्या टप्प्यावर राखलेलं असतं. त्यापुढे करडी झाक आली की तेवढा भाग मऊ पडला, मग तो वाकेल पण परतणार नाही. डिस्कच्या कापाशी हे तापमान क्षणात गाठलं जातं. म्हणून जरासं कापायचं, पाण्यात बुडवायचं, पुसायचं, पुन्हा जरासं कापायचं. पट्टी उघड्या बोटांनी धरली होती, कारण पोलाद बिघडायच्या कितीतरी आधी बोटाला चटका बसतो. बोट हाच माझा तापमापक. कापलेली कड शेवटी बारीक कानशीने लांबीच्या दिशेने घासली. आडवे चरे राहिले तर स्प्रिंग पुढे नेमकी तिथेच तुटते.

आणि मग लिव्हर आणि खुंट. एका लिव्हरच्या खाचेची कड गंजाने खडबडीत झाली होती आणि खुंट तिथे अडखळत होता. हातात यंत्र होतं, गुळगुळीत करणारं रबरी बिट समोर पडलेलं होतं, दोन सेकंदांचं काम वाटत होतं. इथे मी यंत्र बंद करून बाजूला ठेवलं. दोन भाग जिथे एकमेकांना अडवतात किंवा सोडतात ती कड तीक्ष्ण आणि कोनात नेमकी असावी लागते. रबरी बिट सगळ्यात आधी कड गोल करतं. गोल कडेवरून खुंट सरकतो आणि कुलूप किल्लीशिवाय, धक्क्यानेही उघडायला लागतं. बंदुका दुरुस्त करणारे कारागीर या यंत्राबद्दल सगळ्यात कडक इशारा देतात तो याच जागेबद्दल. बंदुकीच्या घोड्याच्या यंत्रणेतले भाग अनेकदा फक्त वरवर कडक केलेले असतात. तो थर मिलिमीटरच्या काही दशांशांचा. तो खरवडला गेला की खालचं मऊ पोलाद झिजत जातं, आणि एक दिवस बंदूक नुसती आपटल्यावर सुटते. म्हणून त्या भागांना रोटरी टूल लावायचंच नाही आणि ते काम परवानाधारक कारागिराकडेच द्यायचं, हे त्या धंद्यात पक्कं मानलं जातं. कुलपात जीव जात नाही, पण तर्क तोच. खाच मी चौकोनी बारीक कानशीने, भिंग लावून, दोन-चार हलक्या हातांत साफ केली. कानस पुढे जाताना कुठे चावते आणि कुठे नुसती घसरते हे तळव्याला कळतं. ३०,००० फेऱ्यांच्या थरथरीत हे काहीच कळत नाही.

किल्लीला मात्र यंत्र उपयोगी पडलं. पोकळ दांडीची कोरी किल्ली घेतली, तिचं पान हवं त्यापेक्षा मोठं. कुलपाचं झाकण उघडं असल्याने प्रत्येक लिव्हर किती उचलायला हवा ते समोर दिसत होतं. पानावर रेघा आखून डिस्कने मोठा भाग उडवला, रेघेच्या अलीकडे अर्धा मिलिमीटर सोडून. पुढचं कानशीने. पानाला मेणबत्तीची काजळी धरायची, किल्ली घालून हलकेच फिरवायची, जिथे काजळी पुसली गेली तिथे घासायचं. जास्त घासलं तर लिव्हर कमी उचलला जातो आणि मग ती किल्ली टाकून द्यावी लागते, धातू परत चिकटवता येत नाही. दुसरा लिव्हर जुळायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पहिला जुळलेला असताना दोन्ही एकत्र तपासावे लागतात. दांडा सरकला तेव्हा फार काही झालं नाही, टक असा आवाज आला आणि मी लगेच उलट फिरवून पुन्हा पाहिलं.

लाकडाचं काम वेगळ्या दिवशी, वेगळ्या टेबलावर ठेवलं. हे शिस्त म्हणून नाही. पोलादाच्या ठिणग्या आणि लाकडाचा बारीक भुसा एकाच जागी असले की भुसा आतल्या आत धुमसत राहू शकतो, आणि आपण दिवा मालवून निघून गेलेलो असतो.

चकती दीड मिलिमीटरच्या पितळी पत्र्यातून कापली, ती बारीक पात्याच्या करवतीने. डिस्कने वळण कापता येत नाही, आणि पितळ दगडी बिटात भरून बसतं. दगडाचे कण झाकले गेले की तो कापत नाही, नुसता घासून तापवतो. अॅल्युमिनियमचंही तसंच. अशा मऊ धातूंना कार्बाइडचं दातेरी बिट. ते पितळ सरसर काढतं, पण कडेवर चढताना एकदम ओढ घेतं, म्हणून दोन्ही हात टेबलाला टेकवून, बिट फिरण्याच्या उलट दिशेने सरकवायचं. कातायला सोप्या पितळेत थोडं शिसं असतं, त्यामुळे मास्क आणि नंतर हात धुणं हे टाळायचं नाही. चकतीच्या कडेला कानशीने किंचित उतार दिला, खालची बाजू वरच्यापेक्षा केसभर लहान. अशी चकती दाबली की खाचेत घट्ट होत जाते आणि वर फट दिसत नाही.

आता ती लाकडात बसवायची. चकती जागेवर धरून धारदार सुरीने भोवती रेघ मारली. पेन्सिलीची रेघ जाड असते, सुरीची रेघ लाकडाचे तंतू आधीच कापून ठेवते, त्यामुळे कडेला कपची उडत नाही. यंत्राला खोली ठरवून देणारा छोटा पाया लावला, ३ मिलिमीटरचं सरळ बिट घातलं आणि खोली ठेवली १.३ मिलिमीटर. चकतीपेक्षा थोडी कमी, म्हणजे पितळ जरा वर राहील आणि नंतर लाकडाशी सपाट करता येईल. खाच जास्त खोल झाली तर उलटं करावं लागतं, म्हणजे आख्ख्या फळीला रंधा मारावा लागतो. सुरीच्या रेघेपासून मिलिमीटरभर आत थांबून मधला भाग मोकळा केला. सागाच्या लाकडात सिलिका असते, ती बिटाची धार पटकन मारते. धार गेली की लाकूड कापण्याऐवजी जळतं आणि तपकिरी डाग पडतो. वास आला की थांबून बिट बदलायचं. वेगही मधलाच बरा, कारण पूर्ण वेगात हे लवकर होतं. उरलेली मिलिमीटरभर कड पटाशीने, उभ्या दाबाने.

इथे पुन्हा काजळी. बंदुकीचे लाकडी दस्ते बसवणारे कारागीर धातूच्या भागाला काळा रंग किंवा काजळी लावून लाकडात दाबतात. काढल्यावर लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे ते भिडतंय, तेवढंच खरवडायचं. या पद्धतीत घाई करायला जागाच नाही आणि म्हणूनच ती मला आवडते. चकती दाबली, काढली, काळे ठिपके पटाशीने उडवले, पुन्हा दाबली. सुरुवातीला दोन-तीन मोठे डाग येतात, मग ते लहान होत पसरतात, आणि तळ सगळीकडे सारखा काळा झाला की चकती बसली. काका त्या सुमारास आले होते. त्यांनी चकतीवरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून ही पावती समजायची.

पॉलिशबद्दल माझं मत जरा टोकाचं आहे. रोटरी टूलने चकाकी फार लवकर येते, आणि तीच अडचण. फेल्टचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, चाक मऊ असतं, ते स्क्रूच्या भोकावरून गेलं की भोकात किंचित घुसतं आणि कडा बशीसारख्या खोलगट होतात. कोरलेली अक्षरं असतील तर त्यांच्या कडा वितळल्यागत दिसतात. चुकीच्या हातांनी साफ केलेली जुनी वस्तू लांबून ओळखू येते ती याच खुणांनी. मी चकती आधी लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या पेपरने लाकडाशी सपाट केली, स्क्रू बसवून मगच फेल्ट लावलं, म्हणजे भोकंच उरली नाहीत. फेल्ट कमी वेगात, लाल पॉलिशची वडी किंचित लावून, एका जागी न थांबता. कुलपाच्या पत्र्यावरचे जुने काळे डाग तसेच ठेवले. ते आत असतात, कुणाला दिसत नाहीत, आणि दिसले तरी मला चालतात.

कुलपात तेल घातलं नाही. तेल धूळ धरतं आणि काही काळाने लिव्हर चिकट होतात. त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड, तीही चिमूटभर. लाकडात जाणाऱ्या स्क्रूंना मेण घासलं. चौथा स्क्रू, डिस्कने खाच पाडलेला, बदलून टाकावा असं मनात होतं, पण ती खाच सरळ आली होती आणि स्क्रूची पेडं चांगली होती, तेव्हा तोच परत लावला.

झाकणाची कडी आता खाचेत उतरते, पण उजवीकडे किंचित घासते. बिजागरी खाली बसली असावी. तिचे स्क्रू सोडवून मागे कागदाची पातळ पट्टी घालून बघायचं आहे. किल्ली एकच आहे, दुसरी कापायला तसल्याच पोकळ दांडीची कोरी किल्ली शोधतेय. यंत्राचा आवाजही जरा फाटका यायला लागलाय, आतून ठिणग्या जास्त दिसतात. मोटरमधले कार्बन ब्रश झिजले असणार, ते आधी बदलायला हवेत.